पळीचं माप

पळीतलं पाणी तीनच्या रेघेवर थांबलं.

आप्पासाहेबांनी सिरिंज खिडकीतल्या उजेडात धरली, गुडघे जरासे वाकवून डोळा रेघेच्या पातळीला आणला, जसा नोकरीतली छत्तीस वर्षं आणत आले होते, आणि पुन्हा पाहिलं. तीन. ते पाणी वाटीत सोडलं. पळी पंचपात्रात बुडवून काठोकाठ भरली, थेंब न सांडता सिरिंजनं ओढून घेतली. तीन. तिसऱ्या खेपेला पाणी रेघेच्या केसभर खाली राहिलं. पाच कुठंच नव्हतं. पाचाची रेघ वर कोरडीच होती.

"अहो, देवाची पळी अन् दवाखान्याची पिचकारी," चतुराबाई मागून म्हणाल्या. "पूजा चाललीय का देवाला सुई टोचताय?"

"माप बघतोय."

"रिटायर होऊन सात वर्षं झाली. आता देवाच्या पळीवर शिक्का मारणार व्हय?"

बायकोच्या बोलण्यात नेहमीचा खट्याळपणा होता, पण आवाज दमलेला होता. दोन रात्री दोघांनाही झोप नव्हती. त्यांची नात कृष्णा, साडेतीन वर्षांची, परवा सकाळी उठलीच नाही. म्हणजे श्वास चालू होता, अंग गरम होतं, पण हाक मारली की डोळ्यांच्या फटी उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या. उभी केली तर पाय कापसासारखे दुमडले. सून प्रेरणा ज्या लहान मुलांच्या दवाखान्यात लॅबमध्ये कामाला होती, तिथंच तिला उचलून नेलं. आकडीचं औषध जास्त झालं, असं तिथं कळलं. काल संध्याकाळी पोरगी जागी झाली, केळं मागितलं, नर्सचा पेन ओढला. आज घरी सोडणार होते. फक्त एका कागदावर सही हवी होती. तो कागद काल आप्पासाहेबांच्या हातात दिला होता, आणि एकच ओळ त्यांच्या डोळ्यांत अजून रुतून होती. 'घरी औषधाचे माप चुकल्यामुळे मुलीस जास्त मात्रा गेली, हे मला मान्य आहे.' सही औषध पाजणाऱ्याची. औषध पाजणारे तेच.

काल ती ओळ त्यांनी मान खाली घालून वाचली होती. सही करायला पेनही काढला होता, पण तो उमटेना म्हणून राहिलं. बाहेर पडताना दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवरची निलोफर हळूच म्हणाली, "चाचा, कशानं देता तुम्ही औषध?" पळीनं, ते म्हणाले. तीर्थाच्या. तिनं आजूबाजूला बघितलं, एक कोरी सिरिंज खिडकीतून पुढं सरकवली. "एक बार नापून बघा. पाणी घालून. सही करायच्या आधी बघा." एवढंच म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली होती. त्यांना वाटलं, पोरगी आपली चूक आपल्यालाच नीट दाखवू पाहतेय, पळी सहा-सात मिलीची निघेल. रात्रभर ते तीच सहा-सातची पळी डोक्यात घेऊन पडले होते. पण पळी तीनचीच निघाली. दवाखान्याच्या कार्डावर एका वेळेला पाच मिली लिहिलं होतं, आणि ते देत होते तीन. मग जास्त गेलं कसं?

त्यांनी देवघराच्या बाजूचं फडताळ उघडलं. औषधाची जुनी रिकामी बाटली फेकली नव्हती, तिच्यात चतुराबाईंनी वातींसाठी तेल भरून ठेवलं होतं. नवी बाटली तिच्याशेजारीच होती, मागच्या आठवड्यात एकादशीच्या दिवशी फोडलेली. दोन्ही बाटल्यांना तेच तपकिरी पोट, तेच पांढरं झाकण, रंगही तोच, लालसर. औषधाचं नाव एक, कंपन्या दोन. आप्पासाहेबांना इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येत होती. वजनमापं खात्यात मदतनीस म्हणून त्यांनी आयुष्यभर दुसरं काय वाचलं होतं? पुड्यांवरचं, डब्यांवरचं, पिशव्यांवरचं निव्वळ माप. साहेब म्हणायचे, आप्पा, नाव वाचायला गिऱ्हाईक आहे, आपण आकडा वाचायचा. तेल पुसून त्यांनी जुनीवरचा आकडा वाचला. दर पाच मिलीत वीस मिलिग्रॅम. मग नवीवरचा. दर एक मिलीत वीस मिलिग्रॅम. पुन्हा वाचला. बोट ठेवून वाचला. पाच आणि एक.

सप्ताहाच्या जुन्या पत्रिकेच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं मांडलं. पोरीला लागतं वीस मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. जुन्या बाटलीत वीस म्हणजे पाच मिली, म्हणून कार्डावर पाच. नव्या बाटलीत वीस म्हणजे एक मिली. पण कार्डावर पाच तसंच राहिलं. त्यांनी दिली एक पळी, म्हणजे तीन. वीस त्रिक साठ. तिप्पट. आणि दवाखान्यानं लिहिलं तसं बरोबर मोजून दिलं असतं तर वीस पंचे शंभर. पाचपट. त्यांनी शंभरावर पेन्सिल ठेवली आणि ती तिथंच टेकून राहिली. पळी खोटी होती म्हणून पोरगी उठली. माप खरं असतं तर? त्या 'तर'च्या पुढं त्यांचं मन जाईना, आणि जाईना म्हणून ते मागं गेलं, आणि मागं जाताच जिथं जायचं नव्हतं तिथं जाऊन उभं राहिलं. जुन्या बाटलीशी. जुन्या बाटलीतही ते पळीच देत होते. एका मिलीत चार. तीन चोक बारा. वीस लागणाऱ्या पोरीला आठ महिने बाराच मिळत होतं.

फेब्रुवारीत सप्ताहाचा तिसरा दिवस होता. हर्सूलच्या देवळात मांडवात माणूस मावत नव्हता. आप्पासाहेब टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभे होते. पखवाजाला ताजी कणीक लावलेली, तिचा ओलसर वास आणि बुक्क्याचा वास एकत्र येत होता. त्यांना कीर्तनातली ती घडी सगळ्यांत आवडायची, बुवा अजून काही बोललेले नसतात, घसा साफ करतात, विणेकऱ्याकडं बघून हसतात, आणि पहिला टाळ पडायच्या आधी सगळा मांडव श्वास धरून असतो. त्या श्वासासाठी ते शंभर किलोमीटरवरच्या सोयगावलाही गेलेले होते, एस.टी.त उभं राहून. त्या दिवशी बुवा प्रारब्धावर बोलत होते. देहाला आलेला भोग देहानं भोगूनच सरतो, हे ते इतक्या गोड सुरात सांगत होते की बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. पोरीला आकडी आली होती. औषध चालू असताना. आप्पासाहेब धावत घरी गेले तेव्हा कृष्णा प्रेरणाच्या मांडीवर निपचित पडलेली होती, ओठांच्या कडेला फेस वाळलेला. प्रेरणा रडत होती. आणि त्यांनी, गळ्यातले टाळ अजून काढले नव्हते, तिला म्हटलं होतं, "लेकराचं प्रारब्ध असतं बाई. नाम घे." प्रेरणानं मान वर करून बघितलं होतं. रागानं नाही, नुसतं बघितलं होतं. ती नजर तेव्हा त्यांना कळली नव्हती.

प्रारब्ध नव्हतं ते. दोन मिली होते.

त्यांनी पळी उचलली. पितळेची, दांड्याच्या टोकाला नागाचा फणा, तळाशी पन्नास वर्षांच्या बोटांनी घासून आलेली चमक. कृष्णाला दुसरं काही चालायचं नाही. औषधाच्या झाकणातून दिलं की थुंकायची, स्टीलचा चमचा दिसला की दात आवळायची. पण पूजेनंतर आप्पांच्या पुढं ओंजळ करून बसायची, तीर्थ प्यायची, आणि मग त्याच पळीतून लालसर औषध आलं तर तेही देवाचंच समजून गटकन गिळायची, वर तुळशीचं पान. ही युक्ती आप्पासाहेबांची. सगळ्या गल्लीत तिचं कौतुक झालं होतं. पळी म्हणजे एक चमचा, एक चमचा म्हणजे पाच, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. स्वतःलाही नाही. पळी मोजायची असते हे त्यांच्या मनातच आलं नाही. देवाच्या वस्तूला माप कशाचं?

आणि कचरू आठवला. सोयगावच्या बाजारातला दूधवाला, पस्तीस वर्षांपूर्वीचा. त्याच्या अर्ध्या लिटरच्या मापाचा तळ आत दबलेला होता. आप्पासाहेबांनीच प्रमाण मापातून पाणी ओतून दाखवलं होतं, कचरूचं माप भरून वर एवढं पाणी उरलं होतं. कचरू देवळाकडं हात करून म्हणाला, "देवाच्यान साहेब, मला ठाव नव्हतं. म्हशीनं पाय दिला असंल." तो खरं बोलत होता, तोंडावरून कळत होतं. साहेब शांतपणे म्हणाले, "ठाऊक नव्हतं हे मी मान्य करतो. माप खोटं आहे हे तू मान्य कर." आणि आप्पासाहेबांनी हातोडीनं त्या मापाचा तळ फोडला होता. तेव्हा कचरूच्या तोंडाकडं बघायची त्यांना गरज वाटली नव्हती. आता ते तोंड स्पष्ट दिसत होतं, कानशिलावरचा तीळसुद्धा.

"काय निघालं मापात?" चतुराबाईंनी विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. फेब्रुवारीतलंही. चतुराबाई ऐकता ऐकता पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, "ते फेब्रुवारीतलं प्रेरणाला सांगायची काय गरज आहे?"

"आहे."

"तुमचं आयुष्य गेलं लोकांची मापं फोडण्यात. आता घरचं फोडायला निघालात." पण त्यांनीच उठून दोन्ही बाटल्या पुसल्या, पळी फडक्यात गुंडाळली आणि सिरिंज आणि पत्रिकेसकट तिन्ही वस्तू जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून दिल्या. "सही करू नका," त्या दारात म्हणाल्या. "अन् ओरडूबी नका. तुम्ही ओरडले की तुमचं खरं असलं तरी खोटं वाटतं."

रिक्षात ते मांडीवर पिशवी धरून बसले. हर्सूलच्या तलावाकडून वारा येत होता, जेलच्या भिंतीच्या कडेनं रिक्षा पळत होती, आणि त्यांच्या मनात दोन आवाज भांडत होते. एक म्हणत होता, तू स्वतः चुकलास, तोंड वर करून कुणाकडं बघणार? दुसऱ्या आवाजाला शब्दच नव्हते, तो नुसता टाळासारखा ठणठणत होता, आत, बरगड्यांच्या खाली. मग त्यातून शब्द निघाले, माझी चूक आहे म्हणून त्यांचीही चूक माझी होते का? माणूस एकदा खाली वाकला की त्याच्या पाठीवर लोक आपलंही ठेवून जातात. त्यांनी पाठ सरळ केली. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

औषधांच्या खिडकीवर गर्दी नव्हती. निलोफरनं त्यांना येताना पाहिलं आणि तिचे हात पावत्यांवर थांबले. आप्पासाहेबांनी दोन्ही बाटल्या फळीवर ठेवल्या, जवळ जवळ, आकडे तिच्याकडं करून.

"पळी तीनची आहे," ते म्हणाले.

"तीन." तिनं डोळे मिटले. "अल्लाचा शुक्र आहे, चाचा. मला वाटलं पूर्ण पाच गेलं असेल, आणि तुम्ही न मोजताच सही करून मोकळे व्हाल."

"हे असं झालं कसं, बेटा?"

ती खाली बघत हळू बोलली. जुनं औषध कंपनीकडून महिनाभर येत नव्हतं. तिनं वर फोन करून विचारलं, जोरदार औषध आहे, देऊ का? डॉक्टर म्हणाले, दे, मी कार्ड बदलतो. कार्डं छापील होती, जुन्यावरून नवीन निघायची. औषधाचं नाव तेच, मिली तेच. "मी दोनदा आठवण दिली, चाचा. तिसऱ्यांदा नाही दिली. वो मेरी गलती है." तिनं ते असं सांगितलं, जसं कुणी स्वतःच्या खिशातली वस्तू काढून समोर ठेवावी. आप्पासाहेबांना ती एकदम जवळची वाटली.

डॉक्टरांच्या खोलीत प्रेरणा आधीच उभी होती, पांढऱ्या कोटात, हात कोटाच्या खिशांत. ती इथली नोकर आणि आजारी पोरीची आई, दोन्ही होती, त्यामुळे तिला खुर्ची द्यावी का हे कुणाला ठरवता आलेलं नव्हतं. डॉक्टर उठून आप्पासाहेबांना सामोरे आले. माणूस वाईट नव्हता. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी पंगत त्यांच्याकडून असायची, आणि ते स्वतः कमरेला उपरणं बांधून वाढायला उभे राहायचे. आप्पासाहेबांनी कागद काढला नाही, आधी पळी काढली. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी पळीत भरलं, सिरिंजनं ओढलं, दाखवलं. मग बाटल्या. मग पत्रिकेच्या पाठीवरचं गणित. बोलताना त्यांनी आवाज चढवला नाही, चतुराबाई जणू दारातच उभ्या होत्या.

डॉक्टरांनी गणित वाचलं. चेहरा पांढरा झाला आणि पुन्हा जागेवर आला. ते खुर्चीत मागं टेकले आणि एकदम हसले, सुटल्यासारखे. "आप्पा, तुम्हाला कळतंय का काय झालंय? तुमच्या पळीनं पोरगी वाचवली. आमचं झाकण वापरलं असतं तर पूर्ण पाच गेलं असतं. देवाची पळी, तीर्थाची पळी. यालाच कृपा म्हणतात. तुमच्यासारख्या टाळकऱ्याला मी काय सांगू?"

"त्याच पळीनं फेब्रुवारीत आकडी आणली, डॉक्टरसाहेब. तीबी कृपाच का?"

खिशांतले प्रेरणाचे हात बाहेर आले.

तिच्याकडं बघायला त्यांना वेळ लागला. मग बघितलं. "आठ महिने तुझ्या लेकीला बाराच मिळत होतं, प्रेरणा. वीस पाहिजे होतं. माझ्या पळीनं. अन् मी तुला प्रारब्ध म्हणालो." त्यांना वाटलं होतं, हे सांगताना आवाज फुटेल. फुटला नाही. कोरडा, खरखरीत निघाला. प्रेरणाचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

डॉक्टर पुढं वाकले. "मग झालं ना. चूक घरचीच आहे, तुम्ही स्वतःच सांगताय. सही करा, पोरीला घेऊन जा. प्रेरणाचंही इथं चांगलं चाललंय, तिला उगाच अवघड जागी कशाला उभं करायचं? देवानं सांभाळलं, विषय संपला."

"माझं मी लिहून देतो." आप्पासाहेबांनी कागदावरची छापील ओळ एका सरळ रेघेनं खोडली. खाली स्वतःच्या गोल अक्षरांत लिहिलं. माझी पळी तीन मिलीची, मी ती न मोजता वापरली, ही माझी चूक. बाटली बदलली, एका मिलीत वीस झालं, कार्डावर पाच मिली तसंच राहिलं, एक पाहिजे होतं, ही दवाखान्याची चूक. त्याखाली सही केली, पूर्ण नावानं, खात्यात करत होते तशी, आणि कागद फिरवून डॉक्टरांपुढं ठेवला. "आता दुसऱ्या ओळीखाली तुमची."

"असला कागद फाईलला लागत नाही."

"तर मग फाईलला जागा करा."

"आप्पा, तुम्ही देवाधर्माची माणसं. वाद कशाला घालता?"

त्यांना एक म्हातारे बुवा आठवले, दौलताबादच्या कीर्तनातले, दात नसलेले, शब्द बोळक्यातून गळायचे पण एकही वाया जायचा नाही. ते म्हणाले होते, आपलं घोंगडं देवाच्या खांद्यावर टाकू नका रे बाबांनो, त्याच्या खांद्यावर त्याचं स्वतःचं आहे. सगळा मांडव हसला होता. आप्पासाहेबही हसले होते. आत्ता इथं, औषधी वासाच्या थंड खोलीत, ते वाक्य त्यांना उभं राहायला दगडासारखं सापडलं. "देवाधर्माचा आहे म्हणूनच," ते म्हणाले. "देवानं सांभाळलं असंल, तर त्याचे उपकार मी माझ्या देवघरात मानीन. तुमच्या कागदावर त्याची सही मी करत नाही. ही बाटली अजून किती लेकरांना गेली?"

"ते आम्ही बघू."

"कधी?"

डॉक्टरांनी बेल दाबली. आप्पासाहेब पळी, सिरिंज, बाटल्या पिशवीत टाकून बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. पिशवी मांडीवर घेतली. समोर बायका बसल्या होत्या, मांड्यांवर लेकरं. शेजारी एक म्हातारी, नाकात चमकी, कडेवर दीड वर्षाचा नातू. चंपाबाई तिचं नाव, सोयगावकडून आली होती, विचारायच्या आधीच सगळं सांगणारी. पोराला आकडी येते, आज पहिल्यांदा औषध मिळालंय, तीनची गाडी गाठायचीय. आप्पासाहेबांचं लक्ष तिच्या कापडी पिशवीतून डोकावणाऱ्या तपकिरी बाटलीवर खिळलं.

"बघू बाई."

तिनं बाटली दिली. नवीच. दर एक मिलीत वीस. कार्डावर, छापील, अडीच मिली. लेकरू लहान, म्हणून जुन्या बाटलीच्या हिशेबानं अडीच. पाहिजे होतं अर्धा.

"कशानं पाजणार?"

"ह्या झाकणानं." चंपाबाईंना जरा राग आला. "रेघा हाईत की त्याच्यावर. मी अडाणी असले तरी रेघ कळती मला. बरोब्बर रेघेला देणार, एक थेंब इकडंतिकडं नाय."

आयुष्यभर आप्पासाहेबांना खोट्या मापाची चीड होती, आणि आता समोर खरं माप होतं, एक थेंब इकडंतिकडं न करणारं, आणि त्याचीच भीती वाटत होती. या लेकरासाठी कुठल्याच देवघरात कमी भरणारी पळी नव्हती. "निलोफर," त्यांनी हाक मारली. आवाज मोठा झाला. चतुराबाईंनी माफ करावं. "बेटा, इकडं ये."

निलोफर खिडकीतून बघत राहिली. क्षणभर वाटलं, ती येणार नाही. मग बाजूचं दार उघडलं आणि ती बाहेर आली, हातात पेन, कोरी सिरिंज आणि विक्रीची वही. तिनं चंपाबाईंचं कार्ड घेतलं, अडीच खोडलं, अर्धा लिहिलं, शेजारी सही केली. सिरिंजवर अर्ध्याची रेघ नखानं दाखवली, चंपाबाईंच्या हातून दोनदा भरून घेतली. "आता दाखवा, खाला. कुठवर?" "हितवर." "हां. याच्या वर नाय." मग ती वही उघडून बाकावर बसली. महिन्याभरात नवी बाटली गेलेली अकरा नावं होती. अकरांत एक कृष्णाचं, एक चंपाबाईंच्या नातवाचं. उरलेल्या नऊ नावांपुढं फोन नंबर होते.

प्रेरणा कधी येऊन उभी राहिली ते आप्पासाहेबांना कळलं नाही. तिच्या हातात त्यांचा कागद होता. डॉक्टरांच्या टेबलावरून तिनं तो उचलून आणला होता. ती सासऱ्यांकडं बघत नव्हती. कागद बाकावर ठेवला, आणि त्यांच्या सहीशेजारी लिहिलं, वाचले, खरे आहे. खाली नाव. नावाखाली हुद्दा. मग निलोफरच्या हातातली वही ओढून घेतली, फोन काढला.

"हॅलो, तुमच्याकडं आकडीच्या औषधाची बाटली आहे ना? ती हातात घ्या. नाही, औषध देऊ नका, आधी बाटली हातात घ्या. मुलगा उठतोय का नीट? चालताना पडतो? मग लगेच घेऊन या." ती एकापाठोपाठ एक नंबर लावत गेली. एका घरी बाटली फोडलीच नव्हती. एका घरी पोरगी तीन दिवस झोपाळलेली होती, त्यांना वाटलं होतं उन्हानं. एक फोन संपला की प्रेरणा ओठ पुसायची, पुढचा नंबर लावायची. व्हरांड्यातल्या बायका आपापल्या पिशव्या उघडून बाटल्या बघायला लागल्या होत्या, खोकल्याच्या, तापाच्या, आणि आप्पासाहेब चष्मा लावून एकेकीला आकडा वाचून दाखवत होते. मिली वाचू नका आधी. एका मिलीत किती ते वाचा.

डॉक्टर दारात आले. "हे कुणाला विचारून चाललंय?"

प्रेरणानं मान वर केली नाही. "सर, सहावा नंबर लागत नाहीये. तुमच्या फोनवरून लावून बघता का?"

डॉक्टरांची नजर वहीवर, मग चंपाबाईंच्या नातवावर गेली. तो सिरिंजचं रिकामं वेष्टन चघळत होता. मग त्यांचा हात खिशाकडं गेला. "सांगा नंबर," ते म्हणाले. कागदावर सही त्यांनी केली नाही. ती त्या दिवशी झालीच नाही.

घरी येईस्तोवर दिवेलागण झाली होती. रिक्षात कृष्णा प्रेरणाच्या मांडीवर बसून दुकानांचे दिवे मोजत होती, चुकीचे, पाचानंतर एकदम नऊ. प्रेरणा रिक्षाबाहेर बघत होती. जेलच्या भिंतीपाशी आल्यावर म्हणाली, "उद्या नऊला ड्यूटी आहे माझी. कामावरून काढायचंय तर काढू दे. पण कागदावर लिहून काढायचं." थोड्या वेळानं पुन्हा, तशीच बाहेर बघत, "फेब्रुवारीतलं मी विसरणार नाही, आप्पा."

"विसरू नको."

"पण तुम्हीच सांगितलं, हेबी विसरणार नाही."

त्यांनी कृष्णाबरोबर पुढचा दिवा मोजला.

चतुराबाईंनी दिवा लावला. औषधाची वेळ झाली होती. प्रेरणानं सिरिंज पुढं केली आणि कृष्णानं दात आवळले. "पळी," ती आवळलेल्या दातांतून म्हणाली. चतुराबाई म्हणाल्या, "घ्या आता. साहेब तयार, गिऱ्हाईक तयार नाही." आप्पासाहेबांनी प्रेरणाकडं बघितलं. तिनं क्षणभर विचार केला, सिरिंज भरली, दिव्यापाशी धरून एकची रेघ बघितली, मग त्यांच्यापुढं धरली. त्यांनीही बघितली. दोघांच्या डोळ्यांची पातळी एक झाली. मग तिनं ते लालसर औषध पळीत सोडलं.

पळी जवळजवळ रिकामीच दिसत होती. तळाशी एवढंसं साचलं होतं, आणि त्यात दिव्याची ज्योत हलत होती. कृष्णानं ओंजळ केली, पळीत डोकावून बघितलं, आणि फसवणूक झाल्यासारखं तोंड केलं.

"एवढंच?"

"एवढंच," आप्पासाहेब म्हणाले. "मोजलंय."